नेमके पान मागता येणे

जुने मराठी गद्य शिकवणाऱ्याला भूगोलापासून सुटका नसते. लीळाचरित्रातले चक्रधरस्वामी एका गावी फार काळ थांबत नाहीत. प्रत्येक लीळेला एक गाव, त्या गावातले एखादे देऊळ, त्या देवळाचा एखादा कोपरा चिकटलेला असतो. पुढची स्थानपोथी तर नावाप्रमाणे स्थानांचीच आहे. स्वामी जिथे राहिले, बसले, जेवले ती ठिकाणे विस्मरणात जाऊ नयेत, मागाहून येणाऱ्या भाविकाला ती हुडकता यावीत, एवढ्याचसाठी तिची रचना झाली. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, नदी कोणत्या हाताला, हे ती इतक्या कोरडेपणाने सांगते की वाङ्मयेतिहासात तिच्या वाट्याला सहसा चार ओळींपेक्षा अधिक येत नाही. रसाच्या अंगाने पाहिले तर ह्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मला मात्र ती नेहमीच एक नकाशा वाटत आली आहे; रेषा नसलेला, केवळ शब्दांनी काढलेला.

एम. ए.च्या वर्गात गेली काही वर्षे मी विद्यार्थ्यांकडून ह्या स्थानांचा नकाशा करवून घेते. हेतू पर्यटनाचा नाही, वाचनाचा आहे. पोथीतले वाक्य जमिनीवर ठेवून पाहिल्याशिवाय त्यातल्या 'अलीकडे', 'पलीकडे' ह्या शब्दांचा अर्थ लागत नाही. आरंभी हे काम कागदावर होई, पुढे ते संगणकावर आले, आणि कुणालाही घरबसल्या पाहता यावे म्हणून आंतरजालावर गेले. नकाशा महाविद्यालयातल्याच एका यंत्रावर होता. त्या यंत्रावर एक प्रोग्राम अहोरात्र जागा असायचा आणि मागेल त्याला मागेल तो भाग चितारून द्यायचा. तो प्रोग्राम सांभाळणारा तरुण कंत्राटी होता. त्याचे कंत्राट संपले, पुढल्या सुट्टीत केव्हातरी वीज गेली आणि यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा प्रोग्राम काही उठला नाही. नकाशाच्या जागी करडा चौकोन दिसू लागला.

दोष कुणाचा हा प्रश्न इथे गौण आहे. मला अस्वस्थ केले ते दुसऱ्याच गोष्टीने. नकाशाची सगळी माहिती त्या यंत्राच्या तबकडीवर शाबूत होती. अक्षरही पुसले गेले नव्हते. नाहीसा झाला होता तो वाचून दाखवणारा. महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीत बंद होत्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडेपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकाच्या लेखी ते वाङ्मय असून नसल्यासारखेच होते. पोथी टिकणे वेगळे आणि वाचता येणे टिकणे वेगळे, हे मी दरवर्षी फळ्यापाशी उभी राहून सांगते. त्याचा असा घरगुती दाखला मिळेल असे मात्र वाटले नव्हते.

भूगोल विभागातल्या माझ्या सहकाऱ्यांनी तेव्हा जो उपाय सुचवला त्याविषयी हा लेख आहे. ते म्हणाले, 'मॅडम, वाचून दाखवणारा ठेवूच नका. पोथीच अशी लिहा की ती कुठेही नुसती पडून असली तरी ज्याची त्याला वाचता येईल.' विषय वरवर तांत्रिक आहे आणि ह्या पानांवर तो थोडा परका वाटेल, ह्याची मला जाणीव आहे. परंतु जसजशी मी त्यात शिरत गेले तसतसे मला दिसत गेले की हा मूलतः ग्रंथरचनेचा प्रश्न आहे, आणि ग्रंथरचना हा तर आपल्याच घरचा विषय.

आधी थोडे नकाशाविषयी. पडद्यावर आपण जो नकाशा बोटाने सरकवतो तो एकसंध नसतो. फरशा बसवाव्यात तसा तो चौकोनी तुकड्यांचा असतो. त्यांना टाइल म्हणतात. २००५ च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स आले आणि ही पद्धत घरोघर पोहोचली. सर्वांत वरच्या, म्हणजे शून्याव्या पातळीवर सगळे जग एकाच टाइलमध्ये मावते. पुढच्या पातळीवर तिचे चार तुकडे, त्यापुढे सोळा, आणि असे पुढे. दहाव्या पातळीवर टाइलांची संख्या दहा लाखांवर जाते आणि चौदाव्या पातळीवर ती २६ कोटी ८४ लाखांहून अधिक भरते. प्रत्येक टाइलला पत्ता असतो: पातळी, स्तंभ, ओळ. पैठण गाव दहाव्या पातळीवर ७२६ व्या स्तंभात आणि ४५५ व्या ओळीत येते. मोजणी शून्यापासून, पश्चिमेकडून पूर्वेला आणि उत्तरेकडून दक्षिणेला. साधारण सदतीस किलोमीटर रुंदीचा तो चौकोन आहे. म्हणजे ज्ञात जगातल्या प्रत्येक काठाला, वळणाला आणि वेशीला तीन आकड्यांचे एक नाव मिळाले आहे. स्थानपोथीच्या कर्त्याला ही कल्पना आवडली असती असे मला वाटते.

आता ही टाइल द्यायची कुणी? जुनी व्यवस्था ग्रंथपालासारखी होती. मिनेसोटा विद्यापीठात नव्वदच्या दशकात घडलेला मॅपसर्व्हर, २००१ पासूनचा जिओसर्व्हर हे प्रोग्राम म्हणजे नकाशांचे ग्रंथपाल. २००० साली मागणी कोणत्या शब्दांत करायची ह्याचेही प्रमाण ठरले. वाचक म्हणतो, मला अमुक चौकोन हवा. ग्रंथपाल आत जातो, कपाटे उघडतो, नद्या-रस्ते-गावांची माहिती काढतो, चित्र रंगवतो आणि खिडकीतून हाती देतो. ही व्यवस्था समर्थ आहे, आजही ठिकठिकाणी उत्तम चालते. परंतु तिला ग्रंथपाल जागा लागतो. मोठ्या संस्थेला ते परवडते. आमच्यासारख्या विभागाला, जिथे वर्षाकाठच्या तरतुदीत खडूंपलीकडे फारसे काही येत नाही, तिथे तो आज असतो, उद्या नसतो.

ऑब्जेक्ट स्टोरेज ही ह्याच्या उलट टोकाची वस्तू आहे. १४ मार्च २००६ रोजी ॲमेझॉनने एस३ नावाची सेवा सुरू केली आणि तो प्रकार रूढ झाला. आज अनेक कंपन्या तसे कोठार भाड्याने देतात. त्याचे स्वरूप अगदी साधे आहे. एक बकेट असते. तिच्यात वस्तू ठेवायच्या. प्रत्येक वस्तूला एक नाव. बस्स. आपल्या संगणकात असते तशी फोल्डरांची उतरंड तिथे नाही. 'पैठण/देवळे/१' असे नाव दिले तर ती तीन खोल्यांची वाट वाटते, पण कोठाराच्या लेखी ते तिरप्या रेषांसह एक सलग नाव आहे, एवढेच. ठेवलेल्या वस्तूत मधेच खाडाखोड करता येत नाही. बदल हवा तर अख्खी वस्तू नव्याने ठेवायची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वस्तूत काय आहे हे कोठाराला ठाऊक नसते. लग्नाचे फोटो, बँकेच्या नोंदी आणि गोदावरीचे खोरे त्याला सारखेच. कोठार समजूतदार नाही, म्हणूनच ते स्वस्त आहे: एका जीबीला महिन्याकाठी दोन-अडीच सेंट.

अशा निर्बुद्ध कोठारातून नकाशा कसा वाचायचा? वस्तू मागितली तर ती अख्खी हाती येणार. गावाची एक वेस पाहायला सगळा महाराष्ट्र उतरवून घेणे शक्य नाही. इथे एक जुनी, दुर्लक्षित सोय उपयोगी पडते. आंतरजालावरील देवघेवीच्या नियमांत नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासूनच अशी तरतूद आहे की मागणाऱ्याने 'अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंतचाच मजकूर द्या' असे म्हणावे. अर्धवट राहिलेली फाइल पुढे उतरवून घेताना किंवा चित्रफितीत मधेच उडी मारताना आपण नकळत तीच वापरतो. पूर्ण वस्तू मिळाली की उत्तरासोबत २०० हा आकडा येतो. अंश मिळाला की २०६. कोठाराला दुसरे काही येत नसले तरी एवढे येते: बाइट मोजून देणे. आत काय आहे हे न समजता, पान क्रमांक इतक्यापासून इतक्यापर्यंत कापून देणारा हा शिपाई आहे.

मग सगळा प्रश्न एका गोष्टीपाशी येऊन थांबतो. पान मागायचे तर पानाचा क्रमांक ठाऊक हवा. तो कोण सांगणार? ग्रंथपाल तर आपण काढून टाकला. उत्तर एकच: ग्रंथाने स्वतःच सांगावा. म्हणजे ग्रंथाच्या आरंभी अनुक्रमणिका हवी, आणि ती इतकी नेमकी हवी की ती वाचणाऱ्याला पुढचे काहीही न उघडता हवे ते पान मागता यावे.

वाचकहो, अनुक्रमणिका आणि पृष्ठांक ह्या गोष्टी आपल्याला इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या कुणीतरी कधीतरी योजल्या हे ध्यानात येत नाही. व्हेनिसचा मुद्रक आल्डुस मानुशियस ह्याने १४९९ साली छापलेल्या पेरोत्तीच्या 'कॉर्नुकोपिया' ह्या ग्रंथात पानांच्या दोन्ही बाजूंना आकडे घातले, आणि सूचीवरून थेट मजकुरापाशी जाता येऊ लागले. त्याआधीचा वाचक ग्रंथात आरंभापासून शिरे. आता तो मधूनही शिरू शकला. ह्या आल्डुसचे नाव आपल्या विषयात एका आडवाटेने येते, आणि ती वाट मराठी मुद्रणाच्या अंगणातून जाते. १९८४ साली अमेरिकेत सिॲटलला त्याच्या नावाची एक कंपनी निघाली. तिने पेजमेकर काढला, ज्याच्यावर नव्वदच्या दशकात कितीतरी मराठी मासिके आणि दिवाळी अंक जुळवले गेले. आणि त्याच कंपनीने १९८६ साली चित्रे साठवण्याची टिफ ही रीत काढली. पुढे तिच्यात 'हे चित्र पृथ्वीवर कुठे बसते' हे लिहिण्याची सोय झाली, ती जिओटिफ. उपग्रहांची छायाचित्रे, जुन्या नकाशांच्या प्रती आज बहुधा ह्याच रीतीने साठवतात.

जिओटिफ ग्रंथ म्हणून सदोष नव्हता, परंतु त्याची बांधणी कशीही असू शके. सूची शेवटी, चित्र ओळीओळीने पसरलेले, छोट्या प्रतीचा पत्ता नाही. २०१६ च्या सुमारास काही जाणकारांनी नवे काही न शोधता केवळ बांधणीची शिस्त ठरवली. चित्र २५६ किंवा ५१२ बिंदूंच्या चौकोनांत तोडायचे. त्याच्या निम्म्या, पाव, अष्टमांश आकाराच्या प्रती त्याच फाइलीत घालायच्या. आणि प्रत्येक चौकोन कितव्या बाइटला सुरू होतो ह्याची यादी आरंभी द्यायची. ह्याला क्लाउड ऑप्टिमाइज्ड जिओटिफ म्हणतात, आणि २०२३ मध्ये त्याला अधिकृत प्रमाणाचा दर्जा मिळाला. लहान प्रती म्हणजे ग्रंथाचा गोषवाराच: दुरून पाहणाऱ्याला गोषवारा, जवळ येणाऱ्याला मूळ पाठ. जीडाल नावाचे एक मुक्त साधन ही रीत जाणते, आणि मॅपसर्व्हर, जिओसर्व्हर ह्यांनाही अशी फाइल आपल्या तबकडीवर न आणता परस्पर बकेटमधून वाचता येते. ही पहिली वाट. इथे ग्रंथपाल आहे, पण त्याच्याकडे कपाट नाही. तो आजारी पडला तर बदली ग्रंथपाल तासाभरात बसवता येतो, कारण ग्रंथ त्याच्या घरी नाहीतच.

ह्याचा प्रत्यय आम्हाला गोदाकाठी आला. पैठणच्या वरच्या अंगाला १९७६ साली पूर्ण झालेले जायकवाडी धरण आहे. त्याच्या नाथसागराखाली नदीचा मोठा पट्टा आणि अनेक गावे गेली. पोथी जेव्हा 'काठ' म्हणते तेव्हा तो आजच्या नकाशात नाहीच. तिथे निळा रंग आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकापासून काढलेल्या, अडीच लाखास एक ह्या प्रमाणाच्या मालिकेतले त्या भागाचे पत्रक घेतले. त्यात धरण नाही, जुनी नदी आहे. त्यावर आजचे उपग्रहचित्र ठेवायचे होते. लँडसॅट मालिकेचे उपग्रह १९७२ पासून पृथ्वीची चित्रे घेत आहेत. २००८ मध्ये तो संग्रह सर्वांना खुला झाला, २०१५ पासून त्यातली चित्रे ॲमेझॉनच्या कोठारात येऊ लागली, आणि आज संग्रहाची नवी आवृत्ती ह्याच शिस्तीच्या जिओटिफ फाइलींत तिथे आहे. एक चित्र १८५ किलोमीटर रुंद. आम्हाला हवा होता त्यातला एक तुकडा. फाइल ओरेगनमधल्या कोठारातून हलली नाही. तिची सूची आली, आणि मागोमाग नाथसागरावरचे मोजके चौकोन. त्या बकेटचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटला: वाहतुकीचा खर्च ग्रंथालय सोसत नाही, मागणारा सोसतो. आमचे बिल चहाच्या एका कपाहून कमी होते. पडद्यावर मात्र दोन काठ एकाखाली एक दिसत होते, आणि वर्ग बराच वेळ गप्प होता. पोथीत नदीच्या ज्या हाताला म्हटले आहे तो हात आता कुठल्या पाण्यात शोधायचा, हा प्रश्न एका मुलीने विचारला. पाठचिकित्सेच्या तासाला ह्याहून चांगला प्रश्न मी ऐकलेला नाही.

दुसरी वाट अधिक धीट आहे. तिच्यात ग्रंथपाल मुळीच नाही. वाचकाचा ब्राउझरच परस्पर कोठाराशी बोलतो. उपग्रहचित्र एकच असते, पण रस्ते-नद्या-गावांच्या टाइला कोट्यवधी. शून्य ते चौदा ह्या पातळ्यांच्या मिळून ३५ कोटी ७९ लाखांहून अधिक होतात. प्रत्येक टाइल वेगळी वस्तू म्हणून कोठारात ठेवू गेल्यास, हजार वस्तू चढवण्याला अर्धा सेंट ह्या दराने, नुसत्या चढवणावळीचे सुमारे १७९० डॉलर होतात. त्यातही बहुतेक टाइला समुद्राच्या, म्हणजे एकच निळा चौकोन कोट्यवधी वेळा. ब्रँडन लिऊ ह्या अभियंत्याने काढलेली पीएमटाइल्स ही रीत सगळ्या टाइला एकाच फाइलीत बांधते. तिची २०२२ मधली तिसरी आवृत्ती आज वापरात आहे. पहिल्या १२७ बाइटांत ग्रंथाची ओळख. पहिल्या १६,३८४ बाइटांच्या आत मुख्य सूची. सूची मोठी असेल तर तिच्या पोटसूच्या. आणि मग टाइला. पैठण पाहायचे तर पहिली मागणी आरंभाची, दुसरी पोटसूचीची, तिसरी प्रत्यक्ष टाइलची. समुद्र एकदाच लिहिलेला असतो, बाकी ठिकाणी 'वरीलप्रमाणे'.

ह्या रीतीतला मला सर्वांत भावलेला भाग म्हणजे टाइलांचा क्रम. जमीन दोन दिशांना पसरते, ग्रंथ मात्र एकाच दिशेने चालतो. ओळीओळीने लिहिले तर वरच्या आणि खालच्या गावात हजारो पानांचे अंतर पडते. अकारविल्ह्याने लिहिले तर पैठणच्या शेजारी पुणतांबे येते. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट ह्याने १८९१ साली एक वळणदार रेषा मांडली होती. ती चौकोनाच्या प्रत्येक घरातून एकदाच जाते आणि अशी वळते की रेषेवर लागोपाठची घरे जमिनीवरही एकमेकांना लागून येतात. पीएमटाइल्स तिच्याच क्रमाने टाइला लावते, त्यामुळे जवळची गावे बहुधा लागोपाठच्या पानांवर येतात आणि एका मागणीत काही पाने सोबत आणता येतात. लीळाचरित्र वाचणाऱ्याला हे अनोळखी वाटू नये. तिथल्या लीळाही प्रवासाच्या क्रमाने येतात. पायी चालणाऱ्याची वाटच शेजारची गावे शेजारच्या पानांवर आणते. चालण्याचा क्रम हाच ग्रंथाचा क्रम, ही जुनी युक्ती आहे.

तथापि ग्रंथपाल गेल्याने काहीच बिघडत नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिली झळ अक्षरांनाच लागली. पूर्वी नावे सर्व्हरवर रंगत, आणि देवनागरीची जोडणी जाणणारी साधने तिथे असत. आता टाइलमध्ये नाव केवळ संहिता म्हणून येते आणि ते वाचकाच्या ब्राउझरमध्ये उमटते. तिथली प्रचलित चित्रण-साधने रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडलेली. एक चिन्ह, एक ठसा, शेजारी दुसरा ठसा. त्यामुळे 'सिन्नर'ची पहिली वेलांटी सच्या मागे जाऊन बसली आणि 'त्र्यंबक'चे हलन्त पायमोडे तुकडे झाले. खिळे जुळवण्याच्या काळात देवनागरीने सोसले ते सगळे पुन्हा एकदा. अलीकडे देवनागरीसाठी खास ठसे घडवून ह्यावर उपाय निघाले आहेत, पण बराच काळ ह्या नकाशांवर मराठी गावे मोडक्या अक्षरांत उभी होती. मध्यस्थ दूर केला की त्याच्याजवळचे मूक ज्ञानही दूर होते. ते मग ग्रंथात तरी लिहावे लागते, नाहीतर वाचकाला शिकवावे लागते.

दुसरी उणीव प्रश्नांची. ग्रंथपालाला विचारता येते: पैठणहून एका दिवसाच्या चालीवर कोणकोणती स्थाने आहेत? कोठाराला असे विचारता येत नाही. ज्या प्रश्नाची सूची आधी लिहिली तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर मिळते. म्हणजे वाचक काय विचारील ह्याचा विचार ग्रंथकर्त्याने आधी करायचा. मला ही उणीव थोडी हितावह वाटते. सूची करताना विद्यार्थ्यांना ठरवावे लागले की आपला नकाशा कोणता प्रश्न घेऊन येणाऱ्यासाठी आहे: भाविकाच्या, इतिहासकाराच्या की भाषेच्या अभ्यासकाच्या?

आणि कोठार चिरंजीव आहे काय? 'मेघ' म्हटल्यावर मराठीच्या प्राध्यापकाला यक्ष आठवणे अटळ. परंतु हा मेघ आषाढातला नव्हे. तो एका जागी उभ्या असलेल्या इमारतींत असतो आणि त्याला गाव असते. ॲमेझॉनचे कोठार मुंबईत २०१६ साली आले, हैदराबादेत २०२२ साली. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ठराविक मर्यादेहून अधिक अचूक भौगोलिक माहिती भारतातच साठवावी लागते. आमच्या ठिपक्यांना ती अचूकता नाही, पण बकेट निवडताना तिचे गाव विचारावे लागते, एवढे खरे. कंपनी सांगते की ठेवलेली वस्तू वर्षभर टिकण्याची शाश्वती ९९.९९९९९९९९९ टक्के, म्हणजे एकूण अकरा नऊ, अशा हिशेबाने रचना केली आहे. हा हिशेब तबकड्या बिघडण्याचा आहे. न भरलेल्या बिलाचा, बदललेल्या धोरणाचा, किंवा ज्याच्या नावावर खाते त्याच्या निवृत्तीचा नाही. शिवाय नकाशा अचानक लोकप्रिय झाला तर बाहेर गेलेल्या प्रत्येक बाइटचे पैसे लागतात. वाहतुकीचे पैसे न घेणारीही काही कोठारे आहेत, पण तोही एक व्यापारी निर्णयच, आणि असे निर्णय फिरतात.

खरी शाश्वती मला दुसरीकडे दिसते. म्हाइंभटांनी रिद्धपूरला सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत हरवली आणि अनुयायांनी ती आठवणींतून पुन्हा उभी केली, ही परंपरा आपण सर्वजण शिकवतो. त्यानंतर तो ग्रंथ टिकला तो कुठल्या एका कोठाराच्या बळावर नव्हे, तर नकलून घेणाऱ्या असंख्य हातांमुळे. पाठभेद झाले, पिढीजात वाद झाले, आणि त्यांच्यासकट ग्रंथ वाचला. आमचा जुना नकाशा नकलता येत नव्हता. तो प्रोग्राम, त्याच्या मांडण्या, त्याचे परवाने आणि एका तरुणाच्या डोक्यातली माहिती मिळून बनलेला होता. नवा नकाशा तीन फाइलींचा आहे: आजचे गाव-रस्ते, जुने पत्रक आणि स्थानांची यादी. तो कोठारात ठेवला तर कोठारातून वाचता येतो, दुसऱ्या कोठारात हलवला तर तिथून, आणि पेनड्राइव्हवर घातला तर वर्गातल्या संगणकावरूनही. कोठार निर्बुद्ध असण्याचा हा मोठा लाभ. त्याने ग्रंथाला काहीच दिलेले नसते, म्हणून तो बदलला तरी ग्रंथाचे काही जात नाही.

ग्रंथ वस्तू म्हणून पूर्ण असावा, त्याची किल्ली त्याच्याच पहिल्या पानावर असावी, आणि तो नकलून घेण्यास कुणाची परवानगी लागू नये: टिकण्याच्या ह्या तीन अटी हस्तलिखितांच्या अभ्यासाने आपल्याला कधीच्या शिकवल्या आहेत. त्या बकेट आणि बाइटांच्या भाषेत पुन्हा भेटल्या तेव्हा मला त्या विषयाचे भय उरले नाही. म्हणूनच साहित्याच्या विभागांनी असे नकाशे दुसऱ्यांकडून करवून न घेता स्वतः बांधावेत असे मी आवर्जून सांगते. तांत्रिक भाग एका सत्रात शिकता येतो. क्रम कोणता, सूची कशाची, गोषवाऱ्यात काय राहील आणि काय गळेल, हे ठरवायला मात्र वाचन लागते.

यंदा आम्ही फाइलीच्या नावात वर्ष घातले आणि मागील वर्षीची फाइल पुसली नाही. दोन्हींत सहा स्थानांची जागा वेगळी आहे, कारण यंदाच्या वर्गाने काठाचा अर्थ जुन्या पत्रकावरून लावला. कोणता पाठ ग्राह्य धरायचा ह्यावर अजून एकमत नाही. वर्गातल्या चौदाही जणांनी दोन्ही प्रती आपापल्या घरी नेल्या आहेत.